दात्याचा हक्क किती?

जोतिबाच्या डोंगराखालील एखाद्या शेतमजुराच्या घरीं तीन लेकरें असतात. दूर शहरींचा कोणी सज्जन त्यांपैकीं एकाच्या शिक्षणाचा भार उचलतो, आणि दरसाल त्याचें छायाचित्र व आभाराचें पत्र मागतो. ही मागणी योग्य काय?

पैसा कोठें गेला हें दात्यानें अवश्य विचारावें. पण तो हिशेब संस्थेनें द्यावा, मुलानें नव्हे. नऊ वर्षांच्या पोरास दरसाल आपली गरिबी लिहून दाखवावी लागली, तर तें अक्षर गिरवावयास शिकतें खरें, पण मान खालीं घालण्यासही शिकतें. शिवाय निवड न झालेलीं दोन भावंडें त्याच चुलीपाशीं बसलेलीं असतात!

आमच्याच मुलखांत निराळी रीत घडली आहे. याच जिल्ह्यांतील कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह उघडलें. त्या मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. त्यांच्या कार्यांत मुष्टिफंडाचीही चाल होती: घरोघरीं मूठभर धान्य बाजूस काढावयाचें. पोत्यांत पडलेली मूठ कोणाची, हें जेवणाऱ्या मुलास कसें कळावें? शिवाय तीं मुलें स्वतः श्रम करून शिकत. त्यामुळें तो घास मिंधेपणाचा होत नसे.

एका मुलाचें नांव घेऊन देणारास जो जिव्हाळा वाटतो, तो खोटा नव्हे, हें आम्ही जाणतों. त्यानें मुलास पत्र खुशाल लिहावें. उत्तर धाडावें कीं न धाडावें, तें मुलाच्या मर्जीवर सोडावें. आणि उत्तर न आलें तरी पुढील वर्षाची फी वेळेवर भरावी.