सरावाचे वाक्य आणि सत्याची जबाबदारी

१

परकी भाषा शिकणे ही सामान्यतः कौशल्यप्राप्तीची बाब मानली जाते. तिचा विचार अध्यापनशास्त्राने करावा, फार तर भाषाविज्ञानाने करावा. नीतिविचाराशी तिचा काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात मांडावयाचा प्रश्न मात्र या दोहोंच्या सीमेवरचा आहे. भाषेच्या वर्गात बसलेला प्रौढ विद्यार्थी सरावासाठी म्हणून जे वाक्य उच्चारतो, त्याच्या खरेपणाची जबाबदारी त्याच्यावर येते की नाही? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु उच्चार कुणाचा, आणि त्याला कुणी जबाबदार असते का, हा साहित्यविचारातला एक जुना प्रश्न आहे, आणि तो येथे अगदी प्राथमिक रूपात समोर येतो.

प्रसंग सांगितल्याखेरीज प्रश्न स्पष्ट होणार नाही. पुण्यातील एका महाविद्यालयात संध्याकाळी चालणाऱ्या जर्मनच्या प्रारंभिक वर्गात मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी नाव घातले. मराठी साहित्य शिकवीत असताना जर्मन विचारवंत इंग्रजीतूनच वाचावे लागतात, याची खंत पुष्कळ वर्षे मनात होती. वर्गातील बहुतेक विद्यार्थी अभियांत्रिकीचे होते; त्यांना पुढील शिक्षणासाठी जर्मनीत जायचे होते. काही अकरावीतले होते. गुण अधिक मिळतात म्हणून त्यांनी मराठीऐवजी जर्मन घेतले होते आणि महाविद्यालयात मागे पडू नये म्हणून ते संध्याकाळीही येत होते. मराठीच्या अध्यापकाने त्यांच्या शेजारी बसण्यातली गंमत कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली.

तिसऱ्या आठवड्यात कुटुंबाचा धडा आला. शिक्षिका एकेकाला प्रश्न विचारीत होत्या : वडील काय करतात, भावंडे किती, आई कुठे राहते. माझी पाळी आली तेव्हा मी उत्तर दिले, ‘माइनऽ मुटर वोन्ट इन सातारा.’ माझी आई साताऱ्यात राहते. ‘रिश्टिश’, शिक्षिका म्हणाल्या. बरोबर. क्रियापदाचा प्रत्यय बरोबर होता, स्वामित्वदर्शक सर्वनामाचे स्त्रीलिंगी रूप बरोबर होते. आई वारून त्या वेळी चार महिने झाले होते.

२

घरी परतताना मी स्वतःशी जो युक्तिवाद केला, तो प्रथम येथे नोंदवितो. कारण तो दुबळा नाही.

पहिली गोष्ट अशी, की मला भूतकाळ ठाऊक नव्हता. प्रारंभिक वर्गात पहिले काही आठवडे केवळ वर्तमानकाळ शिकवितात. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषिक चौकटीत पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्याकडून ज्या अपेक्षा आहेत, त्यांत आपण कुठे राहतो, कुणाला ओळखतो, आपल्याजवळ काय आहे, हे विचारता व सांगता येणे येते. आपल्याजवळ काय राहिले नाही, हे त्या पायरीवर कुणी विचारीत नाही. ज्या भाषेत केवळ वर्तमानकाळ आहे त्या भाषेत कुणी मरूच शकत नाही, असे मला वाटले.

दुसरी गोष्ट हेतूची. इ. स. ३९५ च्या सुमारास संत ऑगस्टीनने असत्यभाषणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात विनोदाला त्याने आरंभीच असत्यातून वगळले आहे. कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि भावावरून फसविण्याचा हेतू नसल्याचे उघड असते. मनात एक आणि मुखात दुसरे एवढे पुरत नाही, फसविण्याची इच्छाही पाहावी लागते. माझी तशी इच्छा नव्हती. शिक्षिकेला माझ्या आईचा पत्ता नको होता. त्यांना प्रत्यय हवा होता.

तिसरी गोष्ट अधिक तात्त्विक. जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत, रंगमंचावर नटाने उच्चारलेली अथवा कवितेत आलेली वाक्ये आपल्या विवेचनातून बाजूला ठेवली. अशी वाक्ये भाषेच्या गंभीर वापरावर बांडगुळासारखी जगतात, असे त्याचे म्हणणे. सरावाचे वाक्यही याच वर्गात घालता येईल. ते कुणाचेच नसते. ते पाठ्यपुस्तकाचे असते आणि विद्यार्थी त्याला काही क्षण आपला आवाज उसना देतो.

या तिन्ही सबबींना आपल्याकडच्या परंपरेत एक भक्कम आधारही सापडतो. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अशी भूमिका घेतली, की अखंड वाक्य हेच भाषेचे खरे रूप होय, त्यातून पदे, प्रकृती, प्रत्यय वेगळे काढणे ही केवळ शिकणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे. बालकाची समजूत काढावी तशी ही साधने असतात. शिकणारा असत्याच्या वाटेवर उभा राहतो आणि तेथून सत्याकडे जाऊ पाहतो, या आशयाचे त्याचे प्रतिपादन आहे. भर्तृहरीचे असत्य व्याकरणप्रक्रियेचे आहे, माणसाच्या उक्तीचे नाही, हे मला ठाऊक होते. तरीही त्याचा आश्रय घेण्याचा मोह झाला. मी वाटेवरच तर होतो.

३

हा युक्तिवाद ज्या प्रसंगाने डळमळला, तो पुढल्याच आठवड्यातला. दोघादोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारावयाचे होते. पुस्तकातील संवाद तरुण मित्रांचा होता आणि त्यात ‘डू’ हे एकवचनी, सलगीचे सर्वनाम होते. माझ्या समोर अकरावीतला एक मुलगा आला. त्याने पुस्तकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि नाव विचारताना ‘डू’च्या जागी आदरार्थी ‘झी’ वापरून क्रियापदही त्यानुसार बदलले. शिक्षिकेने हसून त्याला पुस्तकातले रूप म्हणावयास सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, सरांना कसं म्हणू?”

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वाक्य सरावाचे होते, भाषा परकी होती, आणि ते सर्वनाम उच्चारल्याने माझा अवमान होणार नाही हे दोघांनाही माहीत होते. तरीही त्या मुलाच्या तोंडून मला उद्देशून ‘तू’ निघेना. मराठीतला तू-तुम्हीचा भेद त्याच्याबरोबर त्या भाषेत शिरला होता. सरावाचे वाक्य कुणाचेच नसते, ही माझी समजूत त्याने एका सर्वनामाने खोटी ठरविली. वाक्य जर कुणाचेच नसेल, तर ते उच्चारताना संकोच कुणाचा होतो?

देरिदाने १९७१ सालच्या मॉन्ट्रिअल येथील निबंधात ऑस्टिनवर जो आक्षेप घेतला, त्याचा अर्थ मला या प्रसंगानंतर निराळा भासू लागला. नटाचे वाक्य, कवितेतले वाक्य ही अपवादात्मक म्हणून वेगळी काढता येत नाहीत. पुनरुच्चार होऊ शकणे, उद्धृत होऊ शकणे ही प्रत्येक उक्तीच्या शक्यतेचीच अट आहे, असा तो आक्षेप. त्यावरून आपल्याकडील चर्चेत पुष्कळदा असा निष्कर्ष काढला गेला, की मग कोणतीच उक्ती कुणाची नाही. निष्कर्ष उलटाही काढता येतो. गंभीर उक्ती आणि उसनी उक्ती यांच्यात पक्की भिंत नसेल, तर उसन्या उक्तीलाही जबाबदारीतून सुटका नाही. बाराखडीपासून आपण सारेच उसने बोलत आलो आहोत. आई हा शब्दही मला कुणीतरी म्हणून दाखविलेलाच होता.

४

आता भूतकाळाच्या सबबीकडे वळतो, कारण ती मला सर्वांत प्रामाणिक वाटत होती आणि तीच सर्वांत खोटी निघाली.

‘टोट’ म्हणजे मृत. हे विशेषण कोणत्याही छोट्या शब्दकोशात सापडते आणि माझ्या दप्तरात शब्दकोश होता. ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद तर पहिल्याच आठवड्यात शिकविले होते. ‘माइनऽ मुटर इस्ट टोट’ : चार शब्दांचे, शुद्ध वर्तमानकाळातले, पहिल्या पायरीवरील कुणालाही पेलेल असे वाक्य. त्याला भूतकाळ लागतच नाही.

मग मला तो लागेल असे का वाटले? याचे एक उत्तर भाषिक आहे. मराठीत आपण मृत्यू बहुधा क्रियापदाने, घडून गेलेली घटना म्हणून सांगतो : आई गेली, आई वारली. ‘माझी आई मृत आहे’ असे कुणी म्हणत नाही. ते पंचनाम्यातले वाक्य वाटते. ‘मला आई नाही’ असे मात्र म्हणतो, आणि त्याचे जर्मन रूपही हाताशी होते. पण ‘काइन’ हा अभावदर्शक शब्द आम्ही मोटार आणि छत्री यांच्या सोबतीने शिकलो होतो : माझ्याकडे मोटार नाही, माझ्याकडे छत्री नाही. त्या रांगेत आईला बसविणे मला जमले नसते. मी मराठीतले ‘गेली’ जर्मनमध्ये शोधत होतो, आणि ते मिळत नाही म्हणून भाषाच अपुरी आहे असे मानीत होतो.

हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. पुरे उत्तर असे, की ते चार शब्द उच्चारले असते तर वर्ग क्षणभर थांबला असता. शिक्षिकेला काहीतरी म्हणावे लागले असते. विशीतल्या मुलांनी माझ्याकडे पाहिले असते. शिवाय दुसऱ्या वाक्यात आई साताऱ्यात राहत होती, आणि ते वाक्य म्हणावयास मला आवडले होते. व्याकरणाने मला अडविले नव्हते. मी व्याकरणाच्या आड उभा राहिलो होतो. भाषेच्या दारिद्र्याचा दाखला देऊन माणूस जे लपवितो, ते पुष्कळदा त्याला सांगता येत नसते असे नव्हे. त्याला ते सांगावयाचे नसते.

भर्तृहरीच्या प्रतिपादनाचा उत्तरार्ध मी सोयीस्करपणे विसरलो होतो. असत्याच्या वाटेवर उभे राहण्याची मुभा सत्याकडे जाऊ पाहणाऱ्याला आहे. वाटेवरच घर बांधणाऱ्याला ती नाही.

५

वाटेवर घर बांधण्याचे सर्वांत भीषण उदाहरण याच भाषेतले आहे. त्याची तुलना माझ्या प्रसंगाशी होऊ शकत नाही. केवळ सबबीचे रूप पाहावे, एवढ्यासाठी ते येथे घेतो. जेरुसलेम येथे १९६१ साली झालेल्या खटल्यात अडॉल्फ आइकमान ठरीव, कचेरीतल्या वाक्यांपलीकडे बोलेना, आणि कचेरीची भाषा हीच आपली एकमेव भाषा आहे असे त्याने सांगितले. हाना आरेन्ट यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यावरून असा निष्कर्ष काढला, की त्याचे बोलता न येणे हे विचार करता न येण्याशी निगडित होते. पुढे बेटिना श्टांगनेट यांनी २०११ साली, त्याच्या अर्जेंटिनातील कागदपत्रांच्या आधारे, वेगळे चित्र उभे केले : हा मनुष्य आपल्या द्वेषाविषयी सविस्तर आणि ठामपणे बोलू शकत होता, न्यायालयातले त्याचे रूप पुष्कळसे धारण केलेले होते. म्हणजे ‘मला एवढीच भाषा येते’ हेच वाक्य खोटे होते.

इतक्या दूरही जावयास नको. मराठी साहित्याच्या उत्तरपत्रिका मी पंचवीस वर्षे तपासल्या. ‘आशय आणि अभिव्यक्ती यांची एकरूपता’, ‘अनुभवाची उत्कटता’ ही वाक्ये ज्यांना ती कविता कधी भिडलीच नाही, अशा विद्यार्थ्यांनी लिहिली आणि मी त्यांपुढे बरोबरची खूण केली. मीही समीक्षालेखांत ती लिहिली आहेत. ही आपल्या व्यवसायाची सरावाची वाक्ये होत. त्यांत व्याकरणाची चूक नाही. त्यांत चूक काढता येत नाही, हाच त्यांचा दोष. जर्मनचा विद्यार्थी तीन आठवडे जे करतो, ते आपण आपल्या भाषेत, सर्व काळ आणि सर्व अर्थ हाताशी असताना, जन्मभर करतो. त्याच्यापाशी निदान एक सबब तरी असते.

६

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : सरावाचे वाक्य असत्य नव्हे, पण ते ऋण आहे. ज्याला भाषा येत नाही त्याला ते काढावेच लागते. आणि जो ते काढतो त्याने, फेडता येऊ लागेल तेव्हा, फेडावयाचे असते. शुद्धतेची खूण मिळाली म्हणजे ऋण फिटले, असे होत नाही.

अकराव्या आठवड्यात भूतकाळ आला. शिक्षिकेने ‘असणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप फळ्यावर लिहिले : ‘वार’, म्हणजे होता, होती. एका मुलीने विचारले, की ‘खरे’ या अर्थाचा शब्दही असाच उच्चारतात ना? उच्चार एकच, लिहिताना मध्ये एक अक्षर अधिक येते, असे शिक्षिकेने सांगितले. हा निव्वळ योगायोग आहे. दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत आणि त्यावर तत्त्वज्ञान उभारण्याचे कारण नाही.

त्या दिवशीच्या सरावात प्रत्येकाने आपल्या घराविषयी एक वाक्य सांगावयाचे होते. मी म्हणालो, की माझी आई साताऱ्यात राहत होती. आणि मग, कुणी विचारले नसताना, ते चार शब्दही म्हणालो. सहायक क्रियापद चुकले होते. शिक्षिकेने ते लगेच दुरुस्त केले नाही. थोड्या वेळाने, पुढच्या विद्यार्थ्याकडे वळण्यापूर्वी, त्यांनी माझे वाक्य दुरुस्त करून हलकेच म्हणून दाखविले, आणि मी ते त्यांच्यामागून पुन्हा म्हटले.