डबक्यापाशी पाच वर्षे

एखाद्या तळ्याचा गाळ उपसून त्यातील अळ्या मोजत बसण्यासाठी समाजाने विद्यार्थ्याला पैसा का द्यावा? प्रश्न कठोर आहे. पण अन्याय्य नाही. जेथे हंडाभर पाण्यासाठी माणसे कोसभर पायपीट करतात, तेथे आधी विहीर की आधी शिष्यवृत्ती, असे विचारण्याचा तहानलेल्यास पूर्ण अधिकार आहे.

याचे उत्तर शोधताना मला रेमंड लिंडेमन आठवतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचे एक उथळ, दलदलीत विरत चाललेले तळे आहे. या विद्यार्थ्याने पाच वर्षे त्याचा अभ्यास केला. पत्नी एलिनॉर त्या कामात त्याच्या सोबत असे. शेवाळ, सूक्ष्म जीव, गाळातील अळ्या यांची मोजदाद करता करता त्याने एक मूलभूत प्रश्न विचारला: तळ्याला सूर्याकडून मिळणारी ऊर्जा एका जीवाकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि वाटेत किती सरते?

१९४१ साली डॉक्टरेट मिळवून तो येल विद्यापीठात प्रा. हचिन्सन यांच्याकडे गेला. त्याचा निबंध ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पोहोचला, तेव्हा दोन ज्येष्ठ सरोवरतज्ज्ञांनी तो नाकारावा असे मत दिले. इतक्या थोड्या माहितीवर सिद्धान्त उभारणे त्यांना घाईचे वाटले. त्यांच्या मनात आकस नव्हता, सावधपणा होता. हचिन्सन यांनी मात्र संपादकांना पत्र लिहून या तरुणाची बाजू घेतली. संपादक टॉमस पार्क यांनी ती मानली आणि १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहण्याचे लिंडेमनच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, यकृताच्या विकाराने त्याचे निधन झाले होते. अन्नसाखळीतील ऊर्जेचा धडा शिकताना आपली मुलेही आज त्याच्याच विचारांवरून पुढे जातात.

कोणी म्हणेल, प्रत्येक विद्यार्थी थोडाच लिंडेमन होतो? खरे आहे; बहुतेक होत नाहीत. पण ज्याच्या यशाची आधीच खात्री आहे त्यालाच हात द्यायचा, तर तो व्यवहार झाला. खात्री संपते तेथूनच विश्वासाचा आरंभ होतो. हचिन्सन यांनी पैशाहून दुर्मीळ गोष्ट दिली: अपुरे काम वाचण्यासाठी वेळ आणि त्यासाठी ज्येष्ठांशी मतभेद पत्करण्याचे धैर्य.

हे ऋण एकतर्फी नाही. ज्याला होडी, उपकरण आणि अवधी मिळाला, त्याने आकडे प्रामाणिकपणे लिहावेत. काहीच सापडले नाही, तर तेही लिहावे.

आता त्या तहानलेल्याकडे वळू. त्याची विहीर आधी खणली जावी, यात शंका नाही. पण विहिरीचे पाणी का आटले, तळे हिरवे होऊन का कुजले, हे सांगणारे कोणी घडवलेच नाही, तर त्याची नातवंडे त्याच जागी रिकामा हंडा घेऊन उभी राहतील. विहिरीचा अग्रहक्क आपण मान्य करावा. मात्र शिष्यवृत्तीची पाळी कधीच येऊ नये इतका तो लांबवू नये. आजची तहान भागवताना उद्याच्या तहानेचाही आपल्यावर काही हक्क आहे, हे विसरून कसे चालेल?