आकाशाचे माप आणि क्षमेचे माप

शास्त्रभाग : स्तोत्र १०३:११, १२, मत्तय ५:२३, २४



देवाची दया केवढी मोठी आहे हे सांगताना स्तोत्रकर्त्याने दोन मापे घेतली : एक पृथ्वीपासून आकाशापर्यंतच्या उंचीचे, व दुसरे पूर्वेपासून पश्चिमेपर्यंतच्या अंतराचे. त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती. ही दोन्ही मापे त्याच्या आटोक्याबाहेरची होती, म्हणूनच ती त्याने निवडली. पुढे मनुष्याने यांतील पहिले माप मोजावयास आरंभ केला. तो कोठवर पोहोचला हे पाहिले असता या वचनाचा अर्थ अधिकच खोल होतो.

जेथे पाऊल पडत नाही व दोरी पोहोचत नाही, ते अंतर मोजावे कसे? हात लांब करून आंगठा उभा धरा, आणि प्रथम एक डोळा व मग दुसरा डोळा मिटून त्याकडे पाहा. समोरच्या भिंतीवर आंगठा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकलेला दिसेल. आंगठा जवळ आणावा तो तो हे सरकणे वाढते, दूर न्यावा तो तो कमी होते. यावरून गणिताने अंतर काढता येते. ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांमधील अंतर कोठून पुरणार? म्हणून ज्योतिषशास्त्रज्ञांनी एकदा पाहिलेला तारा सहा महिन्यांनी पुन्हा पाहिला. तेवढ्यात पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूस, पहिल्या जागेपासून सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर गेलेली असते. या रीतीने जर्मन शास्त्रज्ञ बेसेल याने १८३८ साली हंस तारकासमूहातील एका अंधुक ताऱ्याचे अंतर काढले. त्याने मोजलेला कोन इतका सूक्ष्म होता की, अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे १६ किलोमीटरांवर धरले तर ते जेवढे दिसेल, तेवढाच तो भरला.

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. चंद्रापासून आम्हांपर्यंत येण्यास त्याला सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो, सूर्यापासून सुमारे ८ मिनिटे, आणि बेसेलच्या त्या ताऱ्यापासून ११ वर्षांहून अधिक.

त्याहूनही फार दूरचे अंतर मोजण्याची किल्ली एका पाळकाच्या कन्येच्या हाती लागली. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांना ऐकू फार कमी येत असे. काचांवर घेतलेली आकाशाची छायाचित्रे तपासताना त्यांना आढळले की, काही तारे ठरावीक काळाने तेजस्वी व मंद होतात, आणि ज्याचा फेरा अधिक दीर्घ तो तारा मुळातच अधिक तेजस्वी असतो. हा नियम १९१२ साली प्रसिद्ध झाला. दिवा मुळात केवढा आहे हे कळले, म्हणजे तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर ठरविता येते. लेविटबाई १९२१ साली निवर्तल्या. दोन वर्षांनी हबल या शास्त्रज्ञास देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा सापडला. आजच्या मापाप्रमाणे तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे चालून आम्हांपर्यंत येतो. नोव्हेंबरातील काळोख्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ठिपक्यासारखी दिसते.

आता दुसऱ्या मापाकडे वळू. उत्तरेस चालत गेलेला मनुष्य ध्रुवापाशी पोहोचतो, व तेथून पुढे त्याची वाट दक्षिणेकडे होते. पूर्वेस जाणाऱ्याला मात्र पश्चिमेचा आरंभ कोठेच सापडत नाही. पश्चात्ताप करणाऱ्याची पापे देवाने इतकी दूर नेली आहेत! ज्या माउलीला वा ज्या बांधवाला रात्री आपला जुना अपराध आठवून झोप येत नाही, त्याने हे माप घ्यावे. देवाने जे दूर टाकले, ते आपण का शोधून आणावे?

परंतु ज्यांना अशी क्षमा मिळाली, त्यांच्यात काय दिसते? शेताच्या बांधावरून दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत. उपासनेत एकाच चटईवर बसतात, पण एक प्रभुभोजनास पुढे आला की दुसरा उठून बाहेर जातो. २५ लाख वर्षांची वाट चालून प्रकाश येतो, आणि या वीतभर अंतरातून एक शब्द पलीकडे जात नाही! असे का व्हावे? कारण प्रत्येकजण आपल्याच उंबऱ्यावरून पाहतो. एकाच जागी उभे राहून ताऱ्याचे अंतर कळत नाही. भावाचे दुःखही कळत नाही. जागा बदलली पाहिजे.

आमच्या प्रभूने जागा बदलली. आम्ही त्याच्यापर्यंत चढू शकत नव्हतो, म्हणून तो खाली आला, आमच्यामध्ये राहिला, आणि वधस्तंभावर त्याने ते अंतर आपल्या रक्ताने मिटविले. त्याचीच आज्ञा आहे की, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जावे. भाऊ येईल तेव्हा पाहू, असे त्याने सांगितले नाही.

म्हणून येत्या प्रभुभोजनापूर्वी, बंधूंनो, उठा. भावाचे घर पन्नास पावलांवर आहे. त्याच्या ओट्यावर बसून आपल्या घराकडे एकदा पाहा. ज्याने आकाशाएवढी दया केली, तो तेवढी पावले चालण्याचे बळ आम्हां सर्वांस देवो. आमेन.