सावित्रीचा पाचवा वर

गेलेल्या गवयांपैकी एकालाच परत आणायची मुभा मिळाली तर कुणाला आणाल, हा प्रश्न गाण्याची बैठक उठल्यावर चहा येईपर्यंतच्या वेळात हमखास निघतो. कुणी कुमार गंधर्व म्हणतो, कुणी भीमसेन, एखादा हट्टी माणूस बालगंधर्वांवरून खाली उतरत नाही. वऱ्हाडात मात्र बरीच मतं वसंतराव देशपांड्यांना पडतात, आणि त्यात नुसतं कौतुक नसतं, थोडी मालकीही असते. वसंतरावांचा जन्म 1920 सालचा, मूर्तिजापूरचा. यवतमाळहून निघणारी शकुंतला ही छोटी रेल्वे दारव्ह्यावरून मूर्तिजापूरलाच जायची. आणि ज्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार काळजात घुसली' लिहून वसंतरावांना खांसाहेब दिला, ते नागपूरचे असले तरी त्यांचं आडनाव याच रुळांवरचं. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली ती नॅरोगेज आता बंद आहे आणि ती पुन्हा सुरू करा म्हणून निवेदनं चालू असतात. गेलेलं परत मागायची सवय यवतमाळ जिल्ह्याला आहे, एवढंच.

प्रश्न चहापुरता असला तरी त्याच्या पोटात एक धार्मिक गृहीत दडलेलं आहे. ज्याला परत आणायचं त्याचं जाणं कुठेतरी चुकलं, ते व्हायला नको होतं, असं आपण मानतो. आपल्या परंपरेने सगळ्याच मृत्यूंबद्दल असं मानलेलं नाही. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली. कार्तिकात तिथे लाखो माणसं जमतात, पण 'माउली, उठा, आणखी नऊ हजार ओव्या सांगा' असं कुणी म्हणत नाही. काम पुरं झालं होतं. उलट संजीवनी विद्या ज्या शुक्राचार्यांकडे होती ते ती कशासाठी वापरत? लढाईत पडलेले दैत्य उठवून पुन्हा लढाईला उभे करायला. उठणाऱ्याला काय हवं आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. उठवणाऱ्याला तो हवा आहे, एवढं पुरतं. वसंतरावांना परत मागणाऱ्या रसिकाची मागणी, तिला कितीही तानांची झालर लावा, शुक्राचार्यांच्या जवळची आहे. वसंतराव 1983 साली गेले. पोटासाठी लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करून, मैफली, नाटक, ध्वनिमुद्रिका सगळं देऊन गेले. 'कट्यार' पहिल्यांदा 1967 च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. नातवाने, राहुल देशपांड्यांनी, तेच नाटक पुन्हा उभं केलं आणि पुढे 'मी वसंतराव' या चित्रपटात आजोबांची भूमिकाही केली. ज्याला घर, शिष्य, नातू आणि रेकॉर्ड मिळून इतकं परत आणतात, त्याच्यासाठी यमाला कशाला त्रास द्यायचा?

हीच गोष्ट तुकडोजी महाराजांची, आणि त्यांच्याबाबतीत ती जास्त स्पष्ट दिसते. यावलीत 1909 साली जन्मलेला हा माणूस खंजिरी घेऊन गावोगाव गात फिरला, 1942 मध्ये तुरुंगात गेला, 1955 साली 'ग्रामगीता' दिली आणि 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला त्याने देह ठेवला. पण जाण्याआधी त्याने गाणं आपल्या गळ्यातून काढून गावाच्या गळ्यात घातलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आजही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. ती म्हणायला महाराज लागत नाहीत, हीच त्यांची कमाई. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळा जमाव मौन उभा राहतो. आयुष्यभर गाणाऱ्याला लोक गाण्याने नाही, शांततेने आठवतात. जे आपल्याकडेच आहे ते परत मागायचं नसतं, हे त्या गर्दीला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

आता तर यंत्रही मदतीला आलं आहे. 2024 साली ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून गाऊन घेतले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला. हे बरं की वाईट, हा वाद वेगळा. माझं लक्ष एका साध्या अटीकडे जातं: यंत्र फक्त त्यालाच उठवू शकतं ज्याचा आवाज आधीच कुठेतरी टिपलेला आहे. ज्याची तबकडी निघाली, तो परत येतो. ज्याची निघाली नाही, तो दुसऱ्यांदा मरतो. म्हणून प्रश्न खरा विचारायचाच असेल तर तो तबकडी नसलेल्या गवयाबद्दल विचारावा. आणि यवतमाळात तसं एक नाव आहे, जे संगीताच्या यादीत कुणी घेत नाही, कारण ते दुसऱ्याच यादीत पहिलं आहे.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे. अनेक वर्षं गावचे सरपंच, शेतकरी, आणि त्यांच्याविषयी जे काही सांगितलं जातं त्यात न चुकता येणारी गोष्ट ही, की ते संगीताचे जाणकार होते, भजन गात. वीजबिल थकलं, वीज तोडली गेली, उभं पीक वाळलं. 19 मार्च 1986 रोजी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला साहेबराव, त्यांची पत्नी मालती आणि चार लेकरं, अशी सहाही माणसं मेली. महाराष्ट्रातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. पहिली म्हणजे पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेलेली, त्याआधीच्या कुणी मोजल्या? किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते 2017 पासून दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग करतात. त्या दिवशीच्या भाषणांत कर्ज येतं, शेतमालाचा भाव येतो, जमीनधारणेचे कायदे येतात. यायलाच हवेत. पण हा माणूस गात होता हे एका वाक्यात येऊन जातं, जणू तो मृत्यूच्या गोष्टीतला किरकोळ तपशील असावा. मला तो किरकोळ वाटत नाही. मला परत आणायचा गवई हा आहे.

यावर पहिला आक्षेप इतका जबर आहे की तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. त्या रात्री मेलेली सगळीच माणसं आत्महत्येने मेली नाहीत. लेकरांनी मरण निवडलं नव्हतं. ते त्यांच्यासाठी निवडलं गेलं. घरातली मोठी माणसं कितीही पिचलेली असोत, पोरांचा जीव त्यांच्या सातबारावर नव्हता. मग एक वर मिळाला असताना तो लेकरांना न देता बापाला द्यायचा, आणि तोही तो बरं गात होता म्हणून? या आक्षेपाला 'परिस्थितीने केलं' हे उत्तर पुरत नाही. त्याच परिस्थितीत लाखो माणसं पोरांना कुशीत घेऊन जगली, आजही जगताहेत, आणि त्यांच्या जगण्याला कमी लेखणारी कुठलीही करुणा खोटी आहे. आक्षेप मी मान्य करतो. पण तो मान्य केला की साहेबरावांचं नाव खोडलं जात नाही, प्रश्नातला 'एक' हा शब्द खोडला जातो.

इथे सावित्री मदतीला येते. वटपौर्णिमेच्या फेऱ्यांत आपण तिला नवऱ्याचा जीव मागणारी बाई करून टाकली आहे. महाभारताच्या वनपर्वात ती असं करत नाही. यम पहिल्यांदा म्हणतो, सत्यवानाचा जीव सोडून काहीही माग; ती सासऱ्याची गेलेली दृष्टी मागते. दुसऱ्यांदा सासऱ्याचं गेलेलं राज्य. तिसऱ्यांदा आपल्या वडिलांना शंभर मुलगे. चौथ्यांदा स्वतःला आणि सत्यवानाला शंभर मुलगे. मग कुठे पाचवा वर, ज्यात यम ती अट घालत नाही, आणि तिथे सत्यवान परत येतो. हा क्रम चातुर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तो मला हिशेबाची गोष्ट वाटतो. सत्यवान ज्या झोपडीत परत जाणार तिथे आंधळा बाप, हिरावलेलं राज्य आणि लाकूडफाटा गोळा करून चालवलेला संसार होता. ते तसंच ठेवून नवऱ्याला उठवणं म्हणजे त्याला पुन्हा त्याच झाडाखाली निजवणं. तिने आधी घर उभं केलं, मग त्यात माणूस आणला. मेलेल्याला परत आणण्याची ही एकच धार्मिक रीत मला पटते: जीव पाचवा मागायचा.

आणि भजनी माणसाच्या बाबतीत हे आपोआपच होतं, कारण भजन एकट्याचं नसतं. ख्यालगायक एकटा परत आला तरी तंबोरा आणि तबला कुठेही मिळेल. भजनाची रचनाच वेगळी आहे. गाणारा चरण सोडतो तो अर्धा, मागचे तो उचलतात तेव्हा तो पुरा होतो. गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती मागच्यांनी ध्रुपद धरलं म्हणून. पेटीवाल्याकडे नीट बघा. उजवा हात पट्ट्यांवर असतो, सगळ्यांचं लक्ष त्या हाताकडे. पण डावा हात मागे भाता हलवत असतो. भात्यात हवा नसेल तर पट्टी कितीही दाबा, आत नुसती खट् वाजते, स्वर येत नाही. साहेबरावांना परत आणायचं म्हणजे उजवा हात परत आणायचा, आणि भाता? भाता म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची वीज, कापसाचा भाव, दारात येणारा वसुलीचा माणूस. भाता म्हणजे मागे बसून ध्रुपद धरणारं घर. तेव्हा वर मागायचा तो साहेबरावांचा जीव म्हणून नाही. चिलगव्हाणला त्यांच्या घरी एक संध्याकाळचं भजन, घरच्या सहाही माणसांनी बसून म्हटलेलं, असा. सावित्रीच्या चौथ्या वरासारखा तो आहे: दिला की बाकीचं द्यावंच लागतं. त्यात लेकरं आधी येतात, कारण सगळ्यात मोठ्याने टाळ्या तीच वाजवतात.

रसिकाचा आक्षेप उरतो, आणि तो मला हसण्यावारी न्यायचा नाही. कलेत गुणवत्ता हीच कसोटी. दुःखाच्या मापाने गवई मोजायला लागलात तर संगीताचं स्मशान होईल, असं तो म्हणेल. बरोबर आहे. मारव्याची जी फिरत वसंतरावांकडे होती तिची जागा गावच्या भजनाने घ्यावी, असं म्हणणं दोघांचाही अपमान आहे. मी साहेबरावांना थोर गायक ठरवत नाही. ते ठरवायला लागणारं गाणंच आपल्याला ऐकू येण्याआधी थांबलं. फरक गुणवत्तेत नाही, आपल्या नात्यात आहे. वसंतरावांच्या गाण्याची आपल्याला तहान आहे, चिलगव्हाणच्या गाण्याचं आपल्यावर देणं आहे. तहान भागली नाही तर माणूस फार तर कुरकुरतो. देणं असेल तर आधी ते फेडायचं, हे ज्या जिल्ह्यात कर्जाशिवाय खरीप उभा राहत नाही तिथे समजावून सांगायला नको. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात यवतमाळ होतंच, 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं; त्यानंतरही मरणं थांबली नाहीत. पैसे कमी पडले की चुकीच्या जागी गेले, हे अर्थतज्ज्ञांनी सांगावं. एवढं मात्र दिसतं, की एवढ्या हिशेबात माणूस 'खातेदार' म्हणून आला, 'मृत' म्हणून आला, 'पात्र' आणि 'अपात्र' म्हणूनही आला. गाणारा म्हणून कुठल्याच रकान्यात आला नाही.

वेदान्ती म्हणेल, आत्मा कुठेच गेला नाही तर परत काय आणता? त्याला उत्तर थोडक्यात देता येतं. आत्म्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार मार्चच्या उन्हात वाळलेल्या पिकाबद्दल आहे, आणि ते पीक माया होतं असं सांगायला त्या बांधावर जायची कुणाची छाती होणार नाही.

येत्या 19 मार्चला जे कुणी अन्नत्याग करणार असतील, त्यांना म्हणून एक विनंती. दिवसभर उपाशी राहा, भाषणं करा, कायद्यांबद्दल बोला. पण उपवास सोडण्याआधी तासभर भजन लावा. पेटी गावात कुणाकडे तरी असतेच. गाणारा कसा का असेना, पोरांना पुढे बसवा.