अजून संपलेलं नाही



पहाटेच्या गारव्यात अंगावरची गोधडी बाजूला करवत नाही. आज तिच्याकडे एकदा नीट बघा. काठ आजीच्या लुगड्याचा. मधलं ठिगळ कुणाच्या तरी सदऱ्याचं. त्यावर धावदोऱ्याच्या बारीक, एकसारख्या ओळी. लुगडं विरलं, तेव्हा आजीच्या मनात एवढंच आलं असेल, हे अजून संपलेलं नाही.

गोधडी विरली की तिचं पायपुसणं व्हायचं. शेवटी सुती धागा मातीत मिसळून जायचा. आज आपल्या पुष्कळशा कपड्यांत पॉलिस्टर असतं. ते असं मातीत मिसळून जात नाही. धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर नदीपर्यंत जातात.

आणि सुती सदऱ्यामागे तरी किती जणांचे कष्ट! विदर्भातला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून कपाशी पेरतो. कुणी ती वेचतं, कुणी सूत कातून विणतं, कुणी रंगवतं. एक बटण तुटलं म्हणून तो सदरा टाकायचा? मला हे पटत नाही. दुसऱ्याच्या श्रमांची ज्याला कदर आहे, त्याचा हात वस्तू टाकताना अडखळतो. गरिबीची सवय म्हणून आपण जिला कमी लेखलं, ती मोठी समज होती. निसर्ग त्या समजेनेच राखला जातो.

श्रोतेहो, आज नवं घेण्याआधी कपाटातलं जुनं हातात घ्या. उसवलेली शिवण बघा. हे अजून संपलेलं नाही, असं स्वतःशी म्हणा. सुईदोरा काढा, नाहीतर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्या. पण आजच द्या.