अस्वामिविक्रय आणि डोंबिवलीतील पासष्ट इमारती

स्मृतिकारांनी न्यायालयात येणाऱ्या वादांचे जे अठरा विषय, म्हणजे व्यवहारपदे, सांगितले, त्यांत 'अस्वामिविक्रय' हे एक आहे. मालक नसलेल्याने परक्याची वस्तू विकणे असा त्याचा अर्थ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील निर्णय असा की, ज्याने भर बाजारात, लोकांच्या देखत वस्तू विकत घेतली त्याला राजाने दंड करू नये, मात्र वस्तू मूळ मालकाला परत द्यावी. ग्राहकाचे निर्दोषत्व आणि वस्तूवरील त्याचा हक्क या दोन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. याज्ञवल्क्याने तर गुपचूप, अवेळी किंवा फार कमी किमतीत खरेदी करणाऱ्याला चोरच मानले आहे.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातील 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, तेव्हा हाच प्रश्न हजारो कुटुंबांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. येथे विकली गेली ती नगराने कधी न दिलेली संमती. आणि रस्ता, पाणी, मोकळी जागा, शेजाऱ्याचा उजेड यांचा विचार करून दिली जाणारी ही संमती साऱ्या नगराची असल्यामुळे, ती परस्पर विकणे हाही अस्वामिविक्रयच ठरतो.

माणसे राहायला आली एवढ्यावरून इमारत अभय मागू शकत नाही. ठाण्याजवळ शीळफाटा येथे 4 एप्रिल 2013 रोजी बेकायदा इमारत कोसळून 74 जीव गेले, ही आठवण त्या युक्तिवादाला पुरेसे उत्तर आहे. परंतु घर घेणाऱ्याने येथे काहीही चोरून केले नव्हते: त्याने मुद्रांक शुल्क भरले, दुय्यम निबंधकापुढे करारनामा नोंदवला, बहुतेकांनी गृहकर्ज काढले. नोंदणी दस्ताच्या निष्पादनाची साक्ष देते, मालकीची हमी देत नाही, असे कायदा सांगतो. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले, तरी सामान्य माणूस शिक्का पाहून शासनावर विश्वास ठेवतो, आणि शुल्क घेताना शासनाने तो विश्वास कधी नाकारलेला नाही.

स्थावर संपदा अधिनियम 2016 चे कलम 18 विकासकाकडून पैसे व्याजासह परत मिळण्याचा हक्क देते, आणि जमिनीच्या सदोष मालकीहक्कामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईला तेथे मुदतीचे बंधनही नाही. पण विकासकाकडे काही उरलेच नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. नेमक्या याच ठिकाणी धर्मशास्त्र आजच्या कायद्याच्या पुढे जाते: चोरीस गेलेले धन राजाने प्रजेला परत मिळवून द्यावे, आणि ते सापडले नाही तर कोशातून, म्हणजे स्वतःच्या खजिन्यातून, भरून द्यावे, असे धर्मसूत्रकार गौतमाने सांगितले आहे. रक्षणासाठी कर घेणाऱ्याने रक्षणात चूक झाल्यास तोटा सोसावा, हे त्यामागचे तत्त्व आहे. तो नियम चोरीपुरता होता हे खरे. परंतु जेथे खोटा कागद शासनाच्याच नोंदवहीत खरा म्हणून चढला, तेथे तो अधिकच बलाने लागू होतो. म्हणून इमारतीवर हातोडा पडण्यापूर्वी घर घेणाऱ्याची रक्कम शासनाने कोशातून द्यावी, आणि मग ती विकासकाकडून व दोषी अधिकाऱ्यांकडून स्वतः वसूल करावी.