शब्दानुपात आणि रोमिंग

सुरतच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारातून अँटवर्पला निघालेला जैन व्यापारी दिवसागणिक आकारणीचा रोमिंग पॅक घ्यावा की तिथले सिम, याचा हिशेब मांडतो, तेव्हा श्रावकाचाराचा, म्हणजे जैन गृहस्थाच्या आचारधर्माचा, एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: स्वतःला घातलेली मर्यादा नेमकी कशावर असते? दिग्व्रत म्हणजे दहा दिशांतील संचाराला घातलेली मर्यादा, तर देशावकाशिक म्हणजे तीच मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आवळणे. आणि या दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत, म्हणजे दोषांत, तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ शब्दानुपात व रूपानुपात मोजतो. सीमेच्या आत बसून, बाहेरच्या माणसाला नुसते खाकरून किंवा स्वतःचे रूप दाखवून काम करवून घेणे, हा त्यांचा अर्थ. मोबाइल कंपनीच्या पॅकची मर्यादा डेटा मोजते, व्रताची मर्यादा आसक्तीला आवरते. त्यामुळे पर्युषण या जैन पर्वात हॉटेलच्या खोलीपुरते व्रत घेऊन तिथूनच व्हिडिओ कॉलवर सौदा करणाऱ्याला, पॅक कितीही मोजका असला तरी, हा दोष लागतोच.